तक्त्यातलं वय आणि घरातली माणसं

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता शिकवता बी.एड. करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मानवी विकासाच्या पेपरासाठी पियाजे, एरिक्सन, विगॉट्स्की, कोहलबर्ग सगळ्यांचे टप्पे पाठ केलेत. पण घरात चार वर्षांची मुलगी आहे, नववीतला भाचा शिकायला राहिलाय, सासरे गेल्याच वर्षी निवृत्त झालेत, आणि यांतलं कुणीच तक्त्यात नीट बसत नाही. मुलगी कधी दोन वर्षांच्या बाळासारखी वागते, कधी मोठ्या माणसासारखं बोलते. भाचा बीजगणित पटापट सोडवतो, पण मित्र सोबत असले की अक्कल गहाण टाकतो. सिद्धांत चुकीचे आहेत की माझी समज कच्ची? यातला खरा कुठला मानायचा? आणि साठीनंतर विकास होतो, की नुसता उतार?"

ताई, तुमची समज चांगली पक्की आहे. बालविकास केंद्रात मुलं तपासताना आणि अध्यापक विद्यालयात हाच विषय शिकवताना माझं एक मत घट्ट झालंय: या सगळ्या सिद्धांतांचा सगळ्यात कमकुवत भाग म्हणजे वयाचा रकाना, आणि आपल्याकडे परीक्षेसाठी नेमका तोच घोकून घेतला जातो. प्रत्येक सिद्धांतकार वेगळ्या माणसांकडे बघत होता, वेगळा प्रश्न विचारत होता. तो प्रश्न कळला की सिद्धांत कामाला येतो. 'खरा कुठला' हे मग विचारावं लागत नाही, कारण ते एकाच प्रश्नाची चार उत्तरं देत नाहीत.

आधी पायाभूत संकल्पना उरकून घेऊ. वाढ म्हणजे जे मोजता येतं: वजन, उंची, डोक्याचा घेर. परिपक्वन म्हणजे शरीर आणि मज्जासंस्था आपल्या आतल्या क्रमाने तयार होत जाणं. सहा महिन्यांच्या बाळाला कितीही सराव दिला तरी ते चालणार नाही. विकास या दोन्हींपेक्षा मोठा. त्यात परिपक्वन आलं, अनुभव आला, आणि त्यातून विचार, भावना, नाती यांत होणारे टिकाऊ बदल आले. 'क्रम ठरलेला असतो, वेग प्रत्येकाचा वेगळा' हे वाक्य तुम्ही पेपरात लिहिणारच आहात, तर त्यामागचे आकडेही माहीत असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी, नीट पोसलेल्या बाळांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष छापले. आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ निघाला ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे नऊ महिन्यांना चालणारं आणि सतरा महिन्यांना चालणारं, दोन्ही बाळं ठणठणीत. शिवाय सुमारे चार टक्के बाळं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. आपण पक्का समजतो तो क्रमसुद्धा थोडा सैल असतो.

आता तुमची मुलगी. इथे पियाजेकडेच जावं लागतं. जाँ पियाजे (१८९६-१९८०) स्विस जीवशास्त्रज्ञ, तरुणपणी गोगलगायींवर लेख लिहिणारा. १९२० च्या सुमारास तो पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करत होता. काम साधं होतं, बरोबर उत्तरं मोजायची. त्याचं लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे गेलं, कारण एका वयाची मुलं बरीचशी एकाच प्रकारची चूक करत होती. त्याच्या पुढच्या साऱ्या कामाचं बीज इथे आहे. मूल म्हणजे कमी माहिती असलेला मोठा माणूस, ही समजूत त्याने मोडली. मुलाच्या विचाराला स्वतःचं तर्कशास्त्र असतं, आणि ते मूल स्वतः जगाशी झटापट करून घडवतं, हे त्याचं म्हणणं.

घरीच करून बघा. सारख्या दोन पेल्यांत सारखं ताक ओता. मुलीला विचारा, "दोन्हीत सारखं आहे ना?" ती वाकून बघेल, म्हणेल, "हो." मग तिच्या डोळ्यांसमोर एका पेल्यातलं ताक उंच, अरुंद ग्लासात ओता. "आता?" "यात जास्त आहे." "कसं काय गं?" "हे बघ ना, एवढं वर आलंय!" ताक परत पेल्यात ओतलं की म्हणेल, सारखं. पुन्हा ग्लासात ओतलं की पुन्हा जास्त. तिला खोटं बोलायचं नसतं आणि लक्षही दिलेलं असतं. ती फक्त उंची बघते. रुंदी त्याच वेळी मनात धरणं आणि ओतण्याची क्रिया मनातल्या मनात उलटी करणं अजून जमत नाही. सात-आठ वर्षांचं मूल मात्र हाच प्रश्न विचारणाऱ्याकडे विचित्र नजरेने बघतं. "त्यातच तर ओतलंय!"

हे इतकं डोळ्यांना दिसतं की पियाजे शंभर टक्के बरोबर वाटायला लागतो. पण १९७४ मध्ये स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी असाच प्रयोग थोडा बदलून केला. दोन सारख्या ओळींत सोंगट्या मांडल्या, एरवी मोठं माणूस एक ओळ पसरवतं आणि विचारतं, "आता कुठे जास्त?" त्यांनी ओळ पसरवायला एक खोडकर टेडी आणला, तो येऊन मांडणी विस्कटतो. टेडीने विस्कटलं तेव्हा 'सारखंच आहे' असं बरोबर सांगणाऱ्या लहान मुलांची संख्या बरीच वाढली. कारण काय असावं? मोठ्या माणसाने मुद्दाम काहीतरी बदललं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर मूल समजतं की यांना आता वेगळं उत्तर हवंय. वर्गात आपण "नक्की?" म्हटलं की बरोबर उत्तर दिलेली मुलगीही उत्तर फिरवते, हे तुम्ही रोज बघत असाल. म्हणजे प्रयोगात मुलाचा तर्क जितका मोजला जातो, तितकीच मोठ्यांचा अंदाज घेण्याची त्याची सवयही मोजली जाते.

तुमची मुलगी कधी दोनची, कधी सातची का वाटते, याचं उत्तर यातच आहे. क्षमता एकदम, एकाच दिवशी सगळीकडे उगवत नाही. खुद्द पियाजेनेही नोंदवलं होतं की आकार बदलला तरी माती तेवढीच राहते हे मुलाला सातच्या आसपास पटतं, वजन तेवढंच राहतं हे आणखी दोनेक वर्षांनी, आणि आकारमानाचं त्याहून उशिरा. एकच तत्त्व, तरी मध्ये इतकी वर्षं. ओळखीचा विषय, ओळखीचं माणूस, पोट भरलेलं, झोप झालेली असली की तुमची मुलगी वरच्या पायरीवर असते. संध्याकाळी दमली की खाली येते. यात काही बिघडलेलं नाही.

उलट बाजूने, बाळांना पियाजेने जरा कमीच लेखलं. डोळ्यांआड गेलेली वस्तू अजून आहे, हे कळायला आठेक महिने लागतात असं तो म्हणाला, कारण तो हाताने शोधण्याची वाट बघत होता. रेने बेलार्जों यांनी १९८० च्या दशकात हाताऐवजी नजर मोजली: अशक्य गोष्ट घडताना दिसली की बाळ जास्त वेळ टक लावून बघतं का? साडेतीन-चार महिन्यांची बाळंही बघत होती. या निष्कर्षांवर अजून वाद आहेत, पण मूल काय जाणतं आणि काय करून दाखवू शकतं यात अंतर असतं, एवढं नक्की.

आपल्या भाषेशी संबंध असलेला एक प्रयोग मला फार आवडतो. जॅनेट वर्कर आणि टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना त्यातला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत ती जाण जवळजवळ गेली, कारण घरात तो फरक कुणी करतच नव्हतं. हिंदी बोलणाऱ्या घरातल्या बाळांत ती टिकली. तुमच्या मुलीचे कानही असेच पहिल्या वर्षात मराठीला लागले, आणि त्याच काळात मराठीत नसलेल्या कितीतरी ध्वनिभेदांना बंद होत गेले. पहिल्या वर्षापासून विकासात कमावणं आणि सोडणं बरोबरीने चालतं. सासऱ्यांचा विषय येईल तेव्हा हे लागणार आहे.

पियाजेचं वर्गात काय करायचं? चुकीच्या उत्तरावर फुली मारण्याआधी "कसं काय?" विचारा. माझ्या मते शिक्षकाला त्याच्याकडून घ्यायची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. मुलं टप्पे लवकर कसे ओलांडतील, असं त्याला अमेरिकेत सारखं विचारलं जायचं. तो त्याला 'अमेरिकन प्रश्न' म्हणायचा. आता तो प्रश्न आपल्याकडेही घरोघरी आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला चार रेघी वहीत रोज पानभर लिहायला लावणारी नर्सरी मी बघते तेव्हा वाईट वाटतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षं हा खेळातून शिकण्याचा पायाभूत टप्पा मानलाय. तुम्ही शिक्षिका आहात, पालकांना हे ठामपणे सांगा.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ विगॉट्स्की योगायोगाने पियाजेसारखाच १८९६ चा, पण क्षयाने १९३४ मध्ये गेला, अवघ्या सदतिसाव्या वर्षी. त्याचा प्रश्न वेगळा होता: मूल जे एकट्याने करू शकत नाही, ते कुणाच्या सोबतीने करतं तेव्हा काय घडतं? तुमच्या वर्गातलंच उदाहरण घ्या. ४२ वजा १७. दोन मुलांनी उत्तर ३५ लिहिलं. दोघांनी सातातून दोन वजा केले, दोघांना शून्य गुण. तुम्ही दोघांपुढे काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे ठेवता आणि म्हणता, "दोन सुट्या आहेत, सात काढायच्यात, काय करशील?" एक जण क्षणभर थांबतो, एक गठ्ठा सोडतो, आणि पुढचं सगळं स्वतः करतो. दुसरा काड्या नुसत्या हातात घेऊन बसतो. गठ्ठा म्हणजे दहा, हेच अजून त्याच्या मनात बसलेलं नाही. पेपरात दोघं सारखे, पण एका मदतीच्या अंतरावरचे आणि चार मदतींच्या अंतरावरचे. विगॉट्स्कीचं समीप विकास क्षेत्र ते हे. पहिल्याला उद्या हातच्याची वजाबाकी द्या. दुसऱ्याला आधी गठ्ठे बांधू-सोडू द्या. मदत द्यायची आणि जमायला लागलं की काढून घ्यायची, ही पद्धत १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी बारकाईने मांडली. आपल्या शाळांत अडतं ते काढून घेण्यापाशी. दहावीपर्यंत गाईड हातातच राहतं.

मुलगी कोडं जुळवताना स्वतःशी बडबडते का? "हा लाल इकडे... अंहं, नाही बसत... उलटा करू." पियाजेला ही बडबड आत्मकेंद्रित वाटली, वयानुसार विरून जाणारी. विगॉट्स्की म्हणाला, ती विरत नाही, आत जाते, आणि तिचाच पुढे विचार होतो. नंतरच्या संशोधनाने बहुतेक विगॉट्स्कीची बाजू उचलून धरली. काम अवघड झालं की मुलं जास्त बडबडतात. तेव्हा वर्गात सरसकट 'हाताची घडी, तोंडावर बोट' केलं की आपण मुलांचं विचार करण्याचं हत्यारच काढून घेतो.

अनुबंधाबद्दल, म्हणजे बाळ आणि त्याला सांभाळणारी माणसं यांच्यातल्या भावनिक बंधाबद्दल, थोडंच सांगते. बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांचं सार इतकंच, की बाळाला घाबरल्यावर धाव घ्यायला आणि तिथून पुन्हा खेळायला निघायला खात्रीचं माणूस लागतं. ते माणूस एकच असावं आणि ती आईच असावी, असं नाही. एन्सवर्थ यांनी अमेरिकेआधी युगांडातल्या घरांतही हे पाहिलं होतं. आजीला बिलगणारी नात आईपासून तुटलेली नसते. नोकरी करणाऱ्या आयांना या सिद्धांताने उगाच अपराधी करू नये.

आता भाचा. पियाजेचा तक्ता म्हणतो, अकरानंतर औपचारिक क्रियात्मक अवस्था, म्हणजे अमूर्त विचार जमतो. पण ल्यूरिया या विगॉट्स्कीच्या सहकाऱ्याने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना विचारलं होतं: उत्तरेकडे जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेमल्या उत्तरेकडे आहे, तिथे बर्फ असतो. तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? उत्तर आलं, मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलेलं नाही, जे पाहिलं नाही त्याबद्दल बोलू नये. ही माणसं मूर्ख नव्हती. शेती, व्यवहार, नाती चोख सांभाळत होती. नुसत्या शब्दांवरून निष्कर्ष काढण्याचा खेळ शाळा शिकवते, आणि ती शाळेत गेली नव्हती. खुद्द पियाजेने १९७२ मध्ये मान्य केलं की अमूर्त विचार प्रत्येकाला सगळ्याच क्षेत्रांत जमेल असं नाही. तो ज्याच्या त्याच्या कामाच्या, आवडीच्या क्षेत्रात दिसतो. भाच्याचं बीजगणित आणि भाच्याचं शहाणपण एकाच फळीवर ठेवू नका.

मित्रांसमोर अक्कल गहाण टाकण्याचं म्हणाल, तर गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा २००५ चा प्रयोग बघा. संगणकावर गाडी चालवायचा खेळ. किशोर मुलं एकटी असताना फारसा जास्त धोका पत्करत नव्हती. बरोबरीची मुलं बघत असली की धोका पत्करणं एकदम वाढायचं; चोविशीच्या पुढच्यांत तो फरक जवळजवळ दिसला नाही. तेव्हा "तुला कळत नाही का?" हा प्रश्न वाया जातो. त्याला कळतं. "मित्राने बाइकवर तिसरा बस म्हटलं तर काय सांगशील?" हे घरी शांतपणे आधीच बोलून ठेवणं जास्त उपयोगी पडतं.

एरिक्सनचा प्रश्न विचारशक्तीचा नव्हताच. तो विचारत होता, माणूस आयुष्याच्या त्या त्या वळणावर स्वतःशी आणि समाजाशी कोणता हिशोब मांडतो? त्याचं स्वतःचं आयुष्य बघा. १९०२ मध्ये फ्रँकफर्टला जन्म, जन्मदाता बाप कोण ते कधी कळलं नाही, सावत्र वडिलांचं नाव लावून वाढला, १९३३ मध्ये अमेरिकेत गेला आणि तिथे एरिक्सन हे आडनाव स्वतः घेतलं. ओळखीचा प्रश्न याच माणसाने मांडावा यात नवल नाही. किशोरवयासाठी त्याने मांडलेला टप्पा म्हणजे 'ओळख विरुद्ध भूमिका-गोंधळ', ओळख म्हणजे 'मी कोण' याचं उत्तर. यातला 'विरुद्ध' नीट वाचा: गोंधळ अजिबात नको, असं तो म्हणत नाही. थोडा गोंधळ झाल्याशिवाय ओळख स्वतःची होत नाही. जेम्स मार्शिया याने १९६६ मध्ये यातून चार स्थिती मांडल्या. आपल्याकडे त्यातली एक घराघरांत दिसते: शोध न घेताच केलेला निर्णय. "दहावीनंतर सायन्स, मग नीटची परीक्षा," हे आठवीतच ठरलेलं असतं. वरवर मुलगा अगदी स्थिर वाटतो. खरा प्रश्न एकविसाव्या वर्षी येतो.

इथेही वयाचा रकाना किती समाजावर अवलंबून आहे बघा. जेफ्री आर्नेट याने २००० मध्ये अठरा ते पंचवीस हा 'उमलता प्रौढपणा' वेगळा टप्पा मांडला, शोध घेण्याचा, करून बघण्याचा. पुण्यात अभ्यासिकेत बसून अठ्ठाविसाव्या वर्षीही राज्यसेवेचा पुढचा प्रयत्न देणाऱ्या मुलाला यात कुठे बसवायचं? त्याचं प्रौढपण लांबलंय, पण शोधामुळे नव्हे, वाट बघण्यामुळे. आणि त्याच्याच गावातली एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेली मुलगी हा टप्पा न बघताच पुढे गेलेली असते. दोघांना एकच तक्ता लावणं मला पटत नाही.

कोहलबर्गचं थोडक्यात. योग्य-अयोग्य ठरवण्याचा विचार, म्हणजे नैतिक विचार, कसा वाढतो याचे टप्पे त्याने शिडीसारखे मांडले. त्याचा मूळ अभ्यास शिकागो परिसरातल्या मुलग्यांचा, आणि न्याय-हक्क हीच त्याच्या शिडीची वरची पायरी. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये विचारलं, नाती आणि जबाबदारी यांचा विचार खालच्या पायरीचा कसा? जोन मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये भारतीय आणि अमेरिकन लोकांची तुलना केली. फार गंभीर गरज नसलेल्या माणसाला मदत करणं अमेरिकनांना बऱ्याचदा ज्याच्या त्याच्या मर्जीचा भाग वाटत होतं, भारतीयांना कर्तव्य. शिडी चढायला हरकत नाही, पण ती कुणी, कुठे उभी केली ते बघून चढा.

सासऱ्यांच्या प्रश्नावर जरा थांबते, कारण अभ्यासक्रमात हा भाग शेवटच्या पानावर ढकललेला असतो. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण एके काळी संशोधनालाही खरी वाटत होती. वीस, चाळीस, साठ वयाच्या लोकांना एकाच दिवशी चाचणी द्यायची. तिशीपासूनच गुण उतरताना दिसायचे. वॉर्नर शाय याने १९५६ मध्ये सिएटलला सुरू केलेल्या अभ्यासात तीच माणसं दर सात वर्षांनी पुन्हा तपासली, आणि चित्र पालटलं. बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकून होत्या. वेगाची क्षमता लवकर उतरते, शब्दसंपत्ती फार उशिरापर्यंत शाबूत राहते. आधीच्या पद्धतीत पिढ्यांमधला फरक वयाच्या नावावर खपत होता. चौथी शिकलेल्या आजीची पदवीधर नातीशी तुलना करून "वयामुळे" म्हणावं, तसं. पेपरात संशोधन पद्धतींवर प्रश्न आला तर हेच उदाहरण लिहा.

पॉल बाल्टेस (१९३९-२००६) याने यातून आजीवन विकासाची मांडणी केली: जन्मापासून शेवटपर्यंत प्रत्येक वयात लाभही असतो आणि तोटाही, फक्त प्रमाण बदलतं. बाळाने परके ध्वनिभेद सोडून आपली भाषा कमावली, ते या मांडणीत अगदी चपखल बसतं. तोट्याला माणूस कसा तोंड देतो, यासाठी तो पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं उदाहरण द्यायचा. ऐंशीव्या वर्षी इतकं छान कसं वाजवता, असं विचारल्यावर रुबिनस्टाइनच्या उत्तरात तीन गोष्टी होत्या: कमी रचना वाजवतो, त्यांचा जास्त रियाज करतो, आणि द्रुत भागाआधी जरा संथ वाजवतो, म्हणजे पुढचा भाग जलद वाटतो. निवड, सराव, भरपाई. ही मला उतारापेक्षा फार वरची कामगिरी वाटते.

लॉरा कार्स्टेन्सन यांनी दाखवलं की पुढे वेळ थोडा उरलाय असं वाटलं की माणूस ओळखीपाळखी कमी करतो आणि जिव्हाळ्याची माणसं धरून ठेवतो. सासरे लग्नाकार्याला टाळतात पण जुन्या दोन मित्रांकडे रोज जातात, तर त्याला लगेच एकलकोंडेपणा म्हणू नका. एरिक्सन १९६२ मध्ये मानवी जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी अहमदाबादला आला होता. तिथे त्याला १९१८ च्या गिरणी संपातल्या गांधीजींनी ओढून घेतलं, आणि १९६९ मध्ये त्यावर त्याचा ग्रंथ आला. त्याला त्यात दिसला तो अठ्ठेचाळिशीतला माणूस, पुढच्या पिढीची जबाबदारी अंगावर घेणारा. एरिक्सनच्या मते मध्यमवयाचा हिशोबच तो: आपण कुणासाठी काही उभं करतोय का, की साचून राहिलोय. निवृत्तीने पगार थांबतो तसा हा रस्ताही अचानक बंद होतो. म्हणून सासऱ्यांना "आता आराम करा" एवढंच म्हणू नका. त्यांच्याकडून कुणीतरी काही घेत असेल असं काम द्या: भाच्याला बँकेचे व्यवहार शिकवणं, नातीला रोज शाळेतून आणणं, सोसायटीचे हिशेब. मात्र वागण्यात अचानक बदल झाला, रस्ता चुकायला लागले, झोप-भूक आठवडेच्या आठवडे उडाली, तर "वय झालं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. नैराश्य हा म्हातारपणाचा टप्पा नाही, आजार आहे, आणि त्यावर उपचार होतात.

या सगळ्यांना एकत्र धरायला ब्रॉन्फेनब्रेनर लागतो. १९७९ मध्ये त्याने मांडलं की मूल समजायचं तर घर, शाळा, घर-शाळेतलं नातं, आईबापांच्या कामाच्या वेळा, सरकारी धोरण हे सगळे वेढे बघावे लागतात. आपल्याकडे ताराबाई मोडक हे आधीच करत होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या आणि अनुताई वाघ पाड्यावर गेल्या आणि मुलांच्या अंगणातच शाळा मांडली. मूल शाळेला तयार आहे का, हे विचारण्याआधी शाळा मुलाला तयार आहे का, हे त्यांनी बघितलं. आणि परिस्थिती वाईट म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा पुढे अनेक दशकं अभ्यास केला. गरिबी, घरातलं आजारपण, भांडणं अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, आपुलकीने वागणारी प्रौढ झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे घरातलं किंवा बाहेरचं, भरवशाचं निदान एक मोठं माणूस. कधी ते माणूस शिक्षक होतं.

वयाचा रकाना कमकुवत म्हटलं, पण एका ठिकाणी वय कडक पाळायचं असतं. दीड वर्षापर्यंत आधाराशिवाय चालत नाही, सोळा-अठरा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, नावाने हाक मारल्यावर बघत नाही, बोटाने दाखवत नाही, किंवा कुठल्याही वयात आलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलत होतं आणि थांबलं, तर "आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात" म्हणत वाट बघायची नाही. त्यातली बरीच मुलं ठीक निघतात, पण तपासणी झालीच पाहिजे, आधी कानांची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, पथक अंगणवाडीत आणि तुमच्या शाळेतही येतं, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. पथक येईल त्या दिवशी संशय असलेल्या मुलाच्या पालकांना मुद्दाम बोलावून घ्या. आई शेजारी उभी असली तर डॉक्टरांना दुप्पट माहिती मिळते.

आणि पेपराचं. टप्पे लिहावेच लागतील, ते गुण सोडू नका. पण प्रत्येक सिद्धांताखाली तीन वाक्यं जास्त लिहा: याने कुणाचं निरीक्षण केलं, त्याचा प्रश्न काय होता, आणि नंतर कुणी त्यात काय दुरुस्त केलं. पियाजेखाली डोनाल्डसन, कोहलबर्गखाली गिलिगन, एरिक्सनखाली मार्शिया, आणि वृद्धत्वाचा प्रश्न आला तर शाय आणि बाल्टेस. उदाहरणं मात्र पुस्तकातली देऊ नका, तुमच्या वर्गातली आणि घरातली द्या.